भेटीच्या खोलीचा ओला रंग

पाहणी समिती येणार म्हणून भेटीच्या खोलीला रंग लावला, आणि रंग खराब होऊ नये म्हणून भेटी बंद केल्या. यात हसण्यासारखं काही आहे असं मोठ्या बाईंना वाटलं नाही. मोठ्या बाई म्हणजे आमच्या तुरुंगाच्या प्रमुख. सकाळच्या हजेरीला त्यांनी खडसावून सांगितलं, "खोली पाहुण्यांसाठी आहे. भेटायला येणाऱ्यांनी तिथे पाऊल टाकायचं नाही."

आम्ही शिवणखोलीतल्या बायका. पुरुष कैद्यांचे कपडे आम्ही शिवतो, पहारेकऱ्यांचे आम्ही शिवतो आणि आमचेही आम्हीच शिवतो. मी काजं करते. कापड बेतते ती कात्रीताई. खोलीत कात्री एकच, तीही साखळीने टेबलाला बांधलेली, आणि तिला हात लावायची परवानगी फक्त हिला. दोघी एकाच टेबलाला जखडलेल्या. त्यातली कात्री अधूनमधून धार लावायला तरी बाहेर जाते.

इथले नियम कुणा पुरुषाने पुरुष डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असावेत. दर महिन्याला प्रत्येक कैद्याला दाढीचा साबण मिळतो. कैदी म्हणजे कैदी. त्याला दाढी येते की नाही हे पाहणं नियमात बसत नाही. पाळीला लागणाऱ्या महिन्याच्या कापडाचं विचारावं तर उत्तर येतं, तरतूद नाही. बटणं लावणारी आत्या आमच्यात सगळ्यांत म्हातारी. ती साबणाची वडी हुंगून म्हणते, "मला एकदा मिशी फुटू दे गं, मग बघ सरकार कसं लाड करतं."

तर त्या दिवशी भेटी बंद, आणि नेमकी त्याच दिवशी कात्रीताईची मुलगी येणार होती.

मुलगी मावशीकडे वाढली. नर्स झाली. तिला समुद्रापलीकडे कुठेतरी नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. कात्रीताईची शिक्षा संपायला अजून इतकी वर्षं होती की आम्ही तो विषयच काढत नसू. त्यात मागच्या भेटीत दोघी भांडल्या होत्या. आमच्या भेटी म्हणजे मध्ये जाळी, अलीकडे एक फोन, पलीकडे एक फोन. पोरीने तिकडचा फोन आपटला आणि पाठ फिरवून गेली, ती त्यानंतर आलीच नव्हती. आता तेवढ्याच आठवणीवर ती समुद्र ओलांडणार होती.

कात्रीताई मोठ्या बाईंपुढे उभी राहिली.

"मॅडम, पाचच मिनिटं. भिंतीला हातसुद्धा लावणार नाही ती."

"एकीला सोडलं की बाकीच्या काय गप्प बसतील?" मोठ्या बाई म्हणाल्या. मग तिच्याकडे खालून वर बघून एकदम थांबल्या. "हस बघू."

"काय?"

"दात दाखव. हं, चांगले आहेत की! हे बघ, अध्यक्षीणबाईंना मायलेकींची भेट बघायची आहे. गळ्यात गळा, डोळ्यांत पाणी, सगळं. फोटो निघणार आहे. तू आई हो."

"मी आईच आहे, मॅडम."

"तेच तर म्हणते. मुलगी ठरली आहे. आपल्या कारकुनाची भाची. मी अजून पाहिली नाही, पण नाटकात कामं करते म्हणे."

"पण माझीच पोर फाटकाबाहेर येऊन बसलीय."

"नको गं बाई. खऱ्या माणसांचा काही भरवसा नसतो. तोंडाला येईल ते बोलतात."

कात्रीताई परत आली आणि बाह्या कापायला लागली. सहा बाह्या कापल्या, सगळ्या डाव्या. इतक्या वर्षांत तिची कात्री अशी कधी चुकली नव्हती. आत्याने त्या घडी करून आपल्या मांडीखाली सरकवल्या. तोफ म्हणून आमच्यात एक पोरगी आहे, तोंडाने भडाभडा, म्हणून तोफ. ती म्हणाली, "मी सांगते मोठीला. तोंडावर सांगते."

"तू काही सांगू नकोस," आत्या म्हणाली. "तुझ्या सांगण्याने आजवर कुणाचं भलं झालंय? तुझंच झालं असतं तर तू इथे असतीस का?"

दुपारी आम्हाला भेटीच्या खोलीत नेऊन बसवलं. भिंती पोपटी. वास असा की डोळ्यांत पाणी यायला मायेची गरजच नव्हती. जाळी काढून ठेवलेली, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं. आम्ही भिंतीलगत ओळीने, समाधानी दिसायला. प्रत्येकीच्या हातात भरतकामाची लाकडी रिंग दिली होती. आमच्यातल्या कुणीही कधी भरतकाम केलेलं नाही, पण विजारीची काजं फोटोत बरी दिसत नाहीत म्हणे. समोर खुर्च्यांवर समिती. अध्यक्षीणबाई मधोमध, सगळ्यांकडे बघून मान हलवत होत्या, आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारख्या.

आई तयार होती. मुलगी येईना.

झालं होतं असं. फाटकावर आमची किल्लीबाई असते. शिपाईण. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की ती येतेय हे दोन दालनं आधी कळतं. तिच्यासाठी नियम म्हणजे नियम. कारकुनाची भाची आली तशी तिने तिला आडोशाच्या खोलीत नेलं आणि नेहमीसारखं सांगितलं, "कपडे उतरव. केस सोड. वाक. खोक." भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला हे करावं लागतं, आईला, बहिणीला, आजीलाही. पण भाचीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मी कलाकार आहे!" भाची ओरडली.

"असशील. वाक."

भाची तडक निघून गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी गेली, हे तिचं नशीब. आमच्या मुलींना तसं जाता येत नाही, कारण त्यांना आत यायचं असतं.

आतून निरोपावर निरोप. मुलगी पाठवा, समिती खोळंबली आहे. किल्लीबाईला घाम फुटला. तिने फाटकाबाहेर डोकावलं. बाकावर एक पोरगी बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. सकाळपासून तिला दोनदा हाकललं होतं, तरी बसली होती. चेहरा बघून ती कुणाची, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"ए, इकडे ये. नाटकात काम करशील?"

"मला आईला भेटायचंय."

"आज भेटी बंद आहेत. आईचं नाटक चालू आहे. तू मुलीचं काम कर. आत गेल्यावर ओळख दाखवायची नाही... म्हणजे, दाखवायची. पण खरी नाही. कळलं?"

पोरीला काय कळलं कोण जाणे. ती निमूट आडोशाच्या खोलीत गेली आणि कुणी सांगायच्या आत ओढणी उतरवायला लागली. हे सगळं नंतर किल्लीबाईनेच मला सांगितलं, खाली बघत, किल्ल्या मोजल्यासारखं करत.

दार उघडलं. कात्रीताई ठरल्याप्रमाणे हसायला म्हणून वळली, आणि तिचा चेहराच उतरला.

आम्हाला वाटलं, आता ही किंचाळणार. आत्याने माझा हात धरला.

"केस कुठे गेले?" कात्रीताई म्हणाली.

"कापले."

"कुणाला विचारून?"

"तुला विचारायला यायचं म्हणजे आधी अर्ज करावा लागतो."

"आणि हाडं काय ही? मावशी जेवायला घालत नाही?"

"घालते. तूही लठ्ठ नाही झालीस."

अध्यक्षीणबाई मोठ्या बाईंच्या कानाशी झुकल्या. पण त्यांना हळू बोलायची सवय नव्हती. "माया दिसत नाही हो."

मोठ्या बाई दातांतल्या दातांत म्हणाल्या, "अगं, जवळ घे तिला!"

कात्रीताई हलली नाही. इतकी वर्षं या खोलीत तिने एकच ऐकलं होतं, मागे व्हा, हात लावू नका. तिने मोठ्या बाईंकडे बघून विचारलं, "घेऊ?"

"घे म्हणतेय ना!"

मग तिने घेतलं. कसं घेतलं ते मी सांगत नाही. फोटोवाल्याने डोळा मिटून चाप दाबला आणि म्हणाला, "झालं. सोडा."

पण चाप दाबायच्या नेमक्या क्षणी आत्या खोकली होती. साधी नाही खोकली. वाकून, डोकं फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यापुढे आणून खोकली. फोटोवाल्याने फोटो तपासला. त्यात मायलेकींच्या पुढे एक पांढरा अंबाडा आला होता.

"पुन्हा घ्यावा लागेल."

"पुन्हा घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

आत्याने आमच्याकडे बघितलंही नाही. गरजच नव्हती. पुढच्या वेळी चाप दाबायच्या क्षणी तोफ उठून उभी राहिली. "मॅडम, पाणी!" उभ्या जन्मात तिने इतकं थोडं बोलून काम केलं नव्हतं. त्याच्या पुढच्या वेळी शेजारणीला शिंक आली. पाचव्या का सहाव्या खेपेला माझी पाळी आली. मी हातातली रिंग सोडून दिली. गोल होती, घरंगळत थेट पोरीच्या पायात गेली. पोरगी अडखळली, तोल सावरायला तिने भिंतीवर हात टेकला, आणि पुन्हा आईच्या गळ्यात पडली.

दर खेपेला फोटोवाला वैतागायचा, मोठ्या बाई "पुन्हा!" म्हणून ओरडायच्या, आणि आमच्या तुरुंगात कायद्याने गळाभेट होत राहायची. मध्ये मध्ये जे बोलणं चाललं होतं ते आम्हाला तुटक ऐकू येत होतं.

"त्या दिवशी फोन आपटला... तो तुझ्यावर नव्हता."

"माझ्यावरच होता. बरोबर आपटलास."

"आई."

"तिकडे थंडी असते म्हणतात. कान बांधत जा."

"कान बांधल्यावर पेशंटचं ऐकू कसं?"

"शुद्धीवर असलेला पेशंट ओरडेल की. घरी कुणाचं ऐकायचीस, कान उघडे असून?"

पोरगी हसली. आई हसली. नेमका तोच फोटो चांगला आला, आणि अध्यक्षीणबाईंनी नापसंत केला. "हा तुरुंग वाटत नाही," त्या म्हणाल्या. शेवटी पोरीचा चेहरा आईच्या खांद्यात लपलेला एक होता, तो घेतला.

जाताना अध्यक्षीणबाईंनी मत दिलं, "आई ठीक आहे. मुलगी जरा कोरडी वाटली. खऱ्या मुलीला आईला बघितल्याबरोबर हुंदका येतो. अनुभव लागतो त्याला." पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. ती मान तुकवून म्हणाली, "प्रयत्न करेन." आणि किल्लीबाईच्या मागून निघून गेली. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर नाटक फुटलं असतं. किल्ल्यांचा आवाज लांब जाईपर्यंत कात्रीताई दाराकडे बघून तसेच दात दाखवत उभी होती.

मग आमच्या गरजांचा कार्यक्रम. अध्यक्षीणबाईंनी आत्याचा हात हातात घेतला. "बोला आजी, काही कमी आहे का? मोकळेपणाने सांगा."

"दाढीचा साबण छान आहे हो," आत्या म्हणाली. "फेस भरपूर येतो. पण महिन्याचं कापड मिळत नाही. माझी ती कटकट गेली, पण या पोरी शिवणाच्या चिंध्या वापरतात. आणि भेटायला आलेल्या लेकीसुनांना उघडं करतात ना, ते थांबवा."

खोलीत एवढी शांतता झाली की रंग वाळताना ऐकू आला असता. "नोंद घेतली," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

नोंद घेतली हे खरंच. पुढच्या महिन्यात प्रत्येकीला दाढीच्या साबणाच्या दोन वड्या आल्या.

समितीची गाडी गेली तशा मोठ्या बाई किल्लीबाईला म्हणाल्या, "भाची कोरडी असली तरी शिस्तीची आहे. पुढच्या पाहणीलाही तिलाच बोलव."

"नाही मिळायची, मॅडम. तिला परदेशी काम लागलं."

"बघ! एका प्रसंगात! आणि लोक म्हणतात, तुरुंगाने आयुष्यं बिघडतात."

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीकडे गेली. पोपटी रंगात पाच बोटं उमटली होती, आणि तीच पाच बोटं कात्रीताईच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली. भिंतीवरून दुसरा हात फिरवायला माणूस आला. कात्रीताईला हुकूम झाला, "सरकारी गणवेशावर डाग चालणार नाही. साबण आहे ना भरपूर? उद्या हजेरीला स्वच्छ पाहिजे."

तेलाचा रंग तो, साबणाला दाद देणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पण कात्रीताईने साबण काढलाच नाही. शिवणखोलीत येऊन तिने चादर पांघरली, गणवेश टेबलावर पसरला आणि पाठीची शिवण उसवली. जुना कपडा विटला की उलटवून शिवतात, आतली बाजू बाहेर, बाहेरची आत. आमच्या कामात यात काही नवल नाही. तिने फक्त पाठ उलटवली. दोन्ही खांदे जुळवताना धागा तुटला, तेव्हा मी सुई ओवून दिली.  

सकाळी हजेरीला मोठ्या बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. पाठ नव्या कापडासारखी कोरी दिसत होती.

"बघ, निघाला की नाही डाग? साबण चांगलाच आहे."

"हो मॅडम," कात्रीताई म्हणाली, आणि खांदे जरा मागे घेतले, कापड अंगाला नीट लागावं म्हणून.