पेजेचा जपानी वाडगा

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो. अंगानं पांढरा, काठाला निळी वेल. जपानातल्या अरिता गावी माझा जन्म झाला. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्याचे पूर्वज मात्र कोरियाचे होते. माझ्या जन्माच्या साडेतीनशे वर्षं आधी लढाईत त्यांना पकडून समुद्रापार आणलं आणि परत पाठवलंच नाही. अरिताच्या डोंगरात पांढरी माती सापडली, तेव्हा अशाच कुंभारांच्या हातून जपानात चिनी मातीची भांडी घडू लागली. चाक फिरवताना म्हातारा हे आपल्या सुनेला सांगायचा. "नाव जपानचं झालं, हात आपले होते," एवढं बोलून पुन्हा मातीला हात घालायचा.

साठ सालच्या सुमारास मी आगबोटीनं आखातातल्या दोहा बंदरात आलो. बंदरावर कारकून असलेल्या मुनाफनं मला बाजारातून घरी नेलं. तो रत्नागिरीकडचा. त्याची बायको जैतून रोज माझ्यात पेज वाढायची. पाहुणे मला उलटा करून बुडावरचा शिक्का बघत आणि "अस्सल जपानी" म्हणत. त्या म्हाताऱ्याविषयी सांगावं असं मला फार वाटे. पण वाडग्याला तोंड असतं, वाचा नसते.

एका उन्हाळ्यात त्यांच्या गावचा फजल बोटीनं आला. जैतूनच्या आईनं अंथरूण धरलंय, सारखी लेकीचं नाव घेते, असं त्यानं सांगितलं. तीच बोट मुंबईला परतणार होती. जैतूननं लगेच बोचकं बांधलं. पण पासपोर्ट मुनाफच्या कंपनीनं आपल्या कपाटात ठेवलेले, आणि किल्ली घेऊन साहेब गावाला गेलेले. मुनाफ कचेरीच्या दारात उभा राहून राहून परत यायचा.

बोटीचा भोंगा घरात ऐकू आला.

"पुढच्या बोटीनं जाशील, इन्शाल्ला," मुनाफ म्हणाला.

"आई बोटीसाठी थांबंल काय?" जैतूननं विचारलं.

पुढच्या बोटीआधी आई गेल्याची तार आली. जैतून रडली नाही. माझ्यात पेज वाढून घेतली आणि नुसती बसून राहिली. पेज निवत गेली, मला ती ऊन ठेवता आली नाही. शेजारणी येत, का गेली नाहीस म्हणून विचारत, उठून जात.

शेवटी पलीकडच्या घरातली अमिना आली. तिनं काही विचारलं नाही. पेज पुन्हा ऊन केली, एक घोट आपण घेतला आणि मला जैतूनच्या ओठाला लावलं. तेव्हा कुठे जैतूनला हुंदका फुटला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या शेजारी कुणी घरापासून दूर अडकलेलं असेल, तर का गेला नाहीस, असं त्याला विचारू नका. त्याच्याजवळ जेवायला बसा.