बारावा गुण

हत्तीच्या माथ्यावरच्या खाचेत प्लास्टिकचा एक बारीक तंतू चिकटून राहिला होता – साच्यातून निघताना राहतो तसा – आणि पटावर चाल आपली आहे हे विसरून शिवणाच्या बाई तो नखानं सोडवत बसल्या होत्या. अगदी अलगद त्यांनी तो ओढून काढला, बोटाला गुंडाळला आणि मग, कुणी बघतंय हे लक्षात येताच, मुठीत लपवला.

"घ्या वेळ," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज दवाखान्यातल्या बाईसारखा वाटला.

ती बुद्धिबळ महासंघाची परीक्षक. देशातल्या प्रत्येक शाळेत बुद्धिबळ पोचवायचं, त्यासाठी शाळेतल्या एका शिक्षकाला तीन दिवस शिकवायचं, चौथ्या दिवशी परीक्षा घ्यायची आणि वीसपैकी बारा पडले की प्रमाणपत्र द्यायचं... या शाळेनं शिवणाच्या बाईंना बसवलं होतं, कारण यंदापासून शिवण हा विषयच बंद झाला होता आणि बाई जादा ठरल्या होत्या. प्रमाणपत्र मिळालं तर बुद्धिबळाच्या बाई म्हणून राहतील, नाहीतर महिनाअखेर घरी. बाईंनी स्वतः यातलं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं. सांगितलं ते शिपायानं, चहाचा कप ठेवता ठेवता, 'आपलं सहज' म्हणत. सहज सांगितलेलंच माणसाच्या अंगाला चिकटून बसतं... त्यांनी मागितलं असतं तर निदान नाही तरी म्हणता आलं असतं.

आणि बाई काही ढ नव्हत्या. घोडा त्यांना पहिल्याच दिवशी जमला – दोन टाके सरळ, एक आडवा – असं म्हणत त्यांनी तो पटभर असा नाचवला की तीसुद्धा हसली होती. अडलं ते भलतीकडेच. ज्या घरात कुणी उभं नाही त्या घरावरही लांबून कुणाचा तरी मारा असतो, एवढंच त्यांना दिसत नव्हतं. तीन दिवस तिनं बोटं फिरवून दाखवलं, खडूच्या रेघा ओढून दाखवलं. बाई मान डोलवायच्या. त्या डोलवण्यातला आदर बघून तिला कानकोंडं व्हायचं.

आता शेवटचा प्रश्न. राजा कोपऱ्यात, कडेच्या ओळीतून एका हत्तीचा त्याला शह, दुसरा हत्ती पुढची सगळी ओळ अडवून लांब उभा.

"मात झाली का, बाई?"

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "नाही. पुढच्या घरात सरकेल की राजा. मोकळंच आहे ते."

"हा दुसरा हत्ती बघा बरं."

"तो तिकडं लांब आहे हो. इथं कुठं कुणी आहे?"

अकरा. तिनं बेरीज पुन्हा केली, खालून वर केली – अकराच. तेवढ्यात फोन थरथरला. महासंघाचे सचिव.

"झाली का तिथली शाळा?"

"एका गुणानं जातायत."

"अहो, मग बारा करा! एका गुणासाठी काय डोक्याला हात लावून बसता? मला शाळांचा आकडा पुरा करायचाय."

फोन ठेवला तरी तिचं बोट कागदाच्या कडेवरून फिरतच राहिलं. सचिव नको म्हणाले असते तर किती सोपं होतं – मी हट्टानं बारा दिले असते, आणि रात्री शांत झोपले असते. आता माझी दया आणि त्यांचा आकडा एकाच गुणावर येऊन बसलेत, आणि यातलं माझं कोणतं ते मलाच ओळखू येत नाही... नापास करावं तर हा प्रामाणिकपणा कुणासाठी, आणि पास करावं तर ही माया तरी कुणावर?

"हे बघा," बाई एकदम म्हणाल्या, "संकोच करू नका हं. मीसुद्धा वाकडी शिवण कधी चालू दिली नाही. पोरी रडायच्या, पण उसवायला लावायचे."

असं बोलल्या नसत्या तर कदाचित अकराच राहिले असते... तिनं बाराचा आकडा लिहिला.

"झालात तुम्ही पास."

"खरंच?" बाईंचा चेहरा क्षणभर घाबरल्यासारखा झाला. "म्हणजे ते शेवटचं... बरोबर होतं माझं?"

इथं थांबता आलं असतं. गुण देणं वेगळं आणि हे वेगळं, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि कळत असतानाच ती म्हणाली, "हो. बरोबर होतं."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाई पट घेऊन बाहेर गेल्यासुद्धा – व्हरांड्यातल्या बाकावर त्यांनी दोन वेण्यांच्या एका मुलीला समोर बसवून घेतलं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"जा की पुढं. मोकळं आहे."

"नाही बाई, तिथं हत्ती मारेल."

"अगं, कुठं आहे हत्ती? आत्ता परीक्षेत हेच विचारलं होतं मला. विचार हवं तर त्या बाईंना."

मुलीनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जराही शंका नव्हती – तिला बरोबर दिसत होतं, फक्त कुणीतरी मोठ्या माणसानं हो म्हणायला हवं होतं. परीक्षक खाली वाकली आणि बॅगेत कागद नीट लावू लागली, जे आधीच नीट होते. बाहेर राजा एक घर पुढं सरकल्याचा बारीकसा आवाज झाला.

एकोणिसाव्या वर्षी, निवड स्पर्धेच्या आदल्या दिवशी, तिनं आपल्या प्रशिक्षकांना विचारलं होतं, सर, मला जमेल का. जमेल, असं ते म्हणाले होते, आणि त्या एका शब्दावर तिनं पुढची सहा वर्षं काढली होती, हरत, पुन्हा बसत. आजवर तिनं त्या सहा वर्षांचा दोष स्वतःच्या खेळाला दिला होता. आज पहिल्यांदाच तिला आठवून बघावंसं वाटलं की तो शब्द उच्चारताना सर नेमके कुठं बघत होते... तिच्याकडे, की चष्मा पुसायला त्यांनी मान खाली घातली होती – आणि कितीही आठवलं तरी तिला फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता, मायेचा, अगदी मायेचा.