सेलिकाचं चौथं चाक

तिसऱ्यांदा चाक परत आलं तेव्हा दिशा मयेकरने हातातली स्प्रेगन टेबलावर आपटली.

दारात रिक्षा थांबली होती आणि गंगाराम तोडणकर त्यातून सावकाश उतरत होते. जुन्या चादरीत गुंडाळलेलं चाक त्यांनी लेकरासारखं छातीशी धरलं होतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दिशाचं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूवर रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजायचं, छोटं युनिट होतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, अधूनमधून बुलेटची चाकं, असलं काम चालायचं. आज एका शाळेच्या खिडक्यांच्या जाळ्या भट्टीत जायच्या होत्या आणि टेम्पोवाला सकाळपासून फोन करत होता.

"ही कड बघ गो," चादर सोडत काका म्हणाले. "यात माझं तोंड दिसत नाय."

"काका, चाक आहे ते. आरसा नाही."

"मी कोबेहून गाडी आणली तेव्हा दिसायचं."

गाडी म्हणजे त्यांची लाल टोयोटा सेलिका. दोन दारांची, लांब नाकाची. काका मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते तेव्हा, ऐंशीच्या दशकात, त्यांनी ती जपानमधून आणली होती. जहाजावरून सुट्टीवर आले की भाट्याच्या पुलावरून ती एकदा तरी पळवायची, हा त्यांचा नेम. मग निवृत्ती झाली, बायको गेली, आणि गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी दिसू लागली. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्याने अॅल्युमिनियमची चाकं आतून खाल्ली. वरचं वॉर्निश पोपड्यांसारखं सुटलं, खाली पांढरी भुकटी धरली. एक चाक कुठेतरी फुटपाथला घासून कातरलं होतं.

दिशाने हे काम हौसेने घेतलं होतं. असली चाकं रत्नागिरीत पुन्हा कधी हाताला लागणार? जुना रंग काढला, वाळूच्या माऱ्याने धातू साफ केला, कातरलेली कड वेल्डिंगने भरून लेथवर घेतली. चारही चाकं रंगवून दिली. आठवड्याने काका परत. "हा रंग पांढरट आहे. मूळचा करडा होता." नटाखालचा जुना रंग तिने नीट पाहिला, तर म्हातारा बरोबर होता. पुन्हा सगळं उतरवलं. दुसऱ्या खेपेला रंगात बारीक फोड आले होते. जुन्या ओतकामातली हवा भट्टीत तापून बाहेर येते, हे तिला ठाऊक होतं, पण घाईत चाकं आधी कोरी तापवून घ्यायची राहिली होती. तेही मान्य. त्या खेपेच्या दुरुस्तीत भट्टी ऐन तापलेली असताना लाइट गेली आणि अख्खी बॅच फुकट. तेही सोसलं. पण आता कडेत तोंड दिसत नाही?

"ठेवून जा," ती म्हणाली. "बघते."

"नीट बघ. बाकीची तिन्ही पण पाठवतो."

काका गेल्यावर बाबल्या, तिच्याकडे वाळूचा मारा करणारा ब्लास्टिंगवाला, तोंडावरचा मास्क खाली ओढून हसला. "ताई, ह्या माणसाला चाकं नको हायत. ह्याला रोज यायला कायतरी निमित्त हवंय."

"गप बस आणि जाळ्या उचल."

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी राजश्री. तोडणकरांची मुलगी, ठाण्याहून बोलतेय. तुम्ही चाकं नक्की कधी देणार आहात?"

"देणार म्हणजे? तीनदा दिली."

"बाबा तर सांगतात तुमची मशीनच बंद असते. कोल्हापूरचं गिऱ्हाईक दोन महिने थांबलंय. गाडी विकायचं ठरलंय, फक्त चाकांसाठी अडलंय सगळं. तुम्हाला जमत नसेल तर सरळ सांगा ना, आम्ही दुसरीकडे देऊ."

विक्रीचं दिशा पहिल्यांदाच ऐकत होती. तिने रविवारसुद्धा घालवले होते त्या चाकांवर. कडांना पॉलिश करून तिची बोटं काळी पडली होती. आणि तिच्याच नावावर पावती फाडून हा माणूस घरी निवांत बसला होता. "मी तुम्हाला उद्या सांगते," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. त्या संध्याकाळी ती बाबल्यावर दोनदा विनाकारण ओरडली.

सकाळी तिने स्कूटर थेट भाट्याला काकांच्या घरी घातली. काका शेडमध्येच होते. चाकं नसलेली सेलिका जांभ्या चिऱ्यांवर उभी होती आणि काका फडक्याने तिची काच पुसत होते.

"माझी मशीन बंद असते?"

काकांचा हात थांबला नाही. "लाइट जातेच ना तुमच्याकडे."

"एकदा गेली. एकदा! माझ्याकडे अजून चार गिऱ्हाइकं आहेत काका. उद्या राजश्रीताई गावभर सांगतील की दिशाकडे काम देऊ नका. गाडी द्यायची नाही तर मुलीला सांगा. मला कशाला मध्ये घेता?"

"सांगून बघितलं." त्यांनी फडकं बॉनेटवर टाकलं. "काचबिंदू झालाय मला. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. डॉक्टरांनी गाडी बंद केली. ते मी ऐकलं, पटलं मला. पण राजश्रीने गिऱ्हाईक आणलं आणि सगळं ठरल्यावर मला फोन केला. विचारायला नाय, सांगायला. मग मी काय करू? चाकं झाली नायत म्हटलं की ती गप्प बसते. एवढंच हातात होतं माझ्या."

दिशाला त्यांची कीव आली, आणि त्याचाच तिला आणखी राग आला. ती भांडायला आली होती. भांडणाची सगळी तयारी रस्त्यातच झाली होती, आणि आता ती वापरता येत नव्हती.

"वाईट वाटतं मला," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या युनिटच्या मागे लपू नका. पुढच्या आठवड्यात चारही चाकं देते. त्यानंतर मुलीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा."

"बरं," काका म्हणाले आणि पुन्हा काच पुसू लागले.

तीन चाकं झाली. कडा अशा घासल्या की भट्टीवरची ट्यूबलाइट त्यांत उलटी दिसायची. चौथ्याची आतली बाजू साफ करताना दिशाचं बोट अडकलं. मधल्या भागात जिथे नट बसतात, तिथून एक केसासारखी रेघ आऱ्याकडे गेली होती. आधी तिला वाटलं, ब्लास्टिंगचा ओरखडा असेल. तिने नखाने पाहिलं. नख अडलं.

"भेग आहे," ती म्हणाली. कधीतरी खड्ड्यात आपटलं असणार. तीनदा रंग चढवताना आणि उतरवताना ती तिच्या नजरेतून सुटली होती.

बाबल्याने वाकून बघितलं. "मारा पावडर. आतल्या बाजूला कोण बघणाराय? तो कोल्हापूरवाला ती गाडी फुलं वाहायलाच ठेवणार."

दिशाने खरंच गन उचलली. एक थर दिला की संपलं असतं. चाकं गेली असती, गाडी गेली असती, काका आणि त्यांची मुलगी दोघंही तिच्या डोक्यावरून उतरली असती. आणि खरं सांगितलं तर? काकांना वाटणार पोरीने आपल्याला निमित्त काढून दिलं. मुलीला वाटणार ही म्हाताऱ्याला सामील झाली. दोन्हीकडून तीच वाईट. पण तो कोल्हापूरवाला एक दिवस हौसेने गाडी आंबा घाटात काढणार, शेजारी बायको नाहीतर पोर बसवणार, हे तिला दिसत होतं. तिने गन खाली ठेवली आणि फोन लावला.

राजश्रीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता तुम्हीपण? दोघं मिळून काय चालवलंय?"

फोन ठेवून दिशा बाहेर गेली आणि पाण्याच्या टाकीला टेकून बराच वेळ उभी राहिली.

राजश्रीकडून भेगेचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी काका आले ते हातात दोन स्प्रेचे डबे घेऊन. जयगडच्या बंदरातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मागवले होते. "जहाजावर आम्ही भेग अशीच बघायचो," म्हणत त्यांनी भेगेच्या जागेवर लाल द्रव मारला, थोडं थांबून स्वच्छ पुसून काढला आणि वर पांढरी फवारणी केली. थोड्या वेळाने भेगेत मुरलेला रंग वर आला आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. बारीक, वाकडी, पण स्पष्ट.

काका चाकावर ओणवे झाले. मान इकडून तिकडे फिरवली. "कुठपर्यंत गेलीय गो? मला नीट लागत नाय."

दिशाने त्यांचं बोट धरून रेघेच्या शेजारून फिरवलं. नटाच्या भोकापासून अर्ध्या आऱ्यापर्यंत.

"वेल्डिंग होईल?" तिने विचारलं.

"इथे? सगळा भार इथेच येतो. वेल्डिंग धरलं तरी मी त्यावर माणूस नाय बसवणार." ते सरळ झाले. "हे चाक गेलं. लाव फोन राजश्रीला. तो व्हिडिओवाला."

दिशाने फोन लावला आणि चाकासमोर धरला. दिशा वाट बघत होती, आता काका म्हणणार, झालं, गाडी जात नाही. याच्याइतकं भक्कम कारण त्यांना जन्मात मिळालं नसतं.

"दिशा खरं बोलत होती," काका म्हणाले. "उशीर केला तो मी केला. तिची मशीन चालू होती. आणि हे बघ, डिकीत स्टेपनी आहे, लोखंडी. ती लावून गाडी जाऊ दे. गिऱ्हाइकाला भेगेचं सांग आणि चौथं चाक त्याचं त्याला शोधू दे."

मग राजश्री म्हणाली, "बाबा, मी शनिवारी येते."

ती आली. गाडी घेणारा कोल्हापूरचा गौरवही आला, मोठा ट्रक घेऊन. काळी स्टेपनी बघून त्याने तोंड वाकडं केलं. एवढं थांबून तीनच चाकं, असं दोनदा बोलला, पण गाडीभोवती फिरताना त्याचा हात पत्र्यावरून हलत नव्हता. दिशाने नट आवळले, हवा तपासली. ट्रक नारळाच्या बागांमधल्या गल्लीत शिरत नव्हता, त्यामुळे गाडी मुख्य रस्त्यापर्यंत चालवत न्यायला हवी होती.

"दिशा नेईल," काका म्हणाले. "मी बाजूला बसतो."

राजश्रीने किल्ली दिशाच्या हातात ठेवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही. दुसऱ्या झटक्यात झाली.

"क्लच हळू सोड. हळू! जाळ्या नाय रंगवत आहेस तू."

"काका, गल्ली बघू की तुमचं ऐकू?"

"दोन्ही कर."

दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांच्या मधून ती इंचाइंचाने पुढे निघाली. काका डॅशबोर्डवर हात ठेवून, मान वळवून वळवून दोन्ही बाजूंचं सगळं बघायचा प्रयत्न करत होते. मोकळ्या रस्त्यावर आल्यावर त्यांनी फक्त हाताने खूण केली, अजून थोडं. दिशाने ट्रक मागे टाकला आणि पुलापर्यंत जाऊन गाडी वळवून आणली. गौरव रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत होता.

गाडी ट्रकवर चढली, दोर आवळले गेले. राजश्री वडिलांच्या जवळ जाऊन उभी राहिली. ट्रक हलला तेव्हा तिन्ही चाकांच्या कडांवर ऊन चमकत गेलं. दिशाने काकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांच्या मेहनतीनंतर एखादा शब्द येईल असं तिला वाटलं होतं.

"मागचा दोर सैल बांधलाय त्याने," काका म्हणाले, आणि मुलीचा दंड धरून घराकडे वळले.

दिशाने एक शिवी गिळली आणि ट्रकवाल्याला ओरडून सांगायला त्याच्या मागे धावली.