कॅप्टनचा ट्रेड

जुलैत, सीझन संपल्यावर, आइस हॉकीच्या आवडत्या टीमने कॅप्टनला ट्रेड केलं, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकलं आणि अमेरिकेतल्या ॲन आर्बरचे निवृत्त डॉक्टर गुरुदत्त भडकले.

“बारा वर्षं खेळला तो! आणि बदल्यात काय, एक नवखा गोलकीपर?”

“बाबा, तो छत्तीसचा आहे. गुडघाही गेलाय,” त्यांची मुलगी सावनी म्हणाली.

“म्हणून हाकलायचं? मॅनेजरला अक्कल नाही!”

“अरे, त्यानेच ट्रेड मागितला. आई आजारी आहे त्याची. तिच्या शहरातल्या टीमकडे गेलाय.”



“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“तासभर बोलू कुठे दिलंस?”

ते उठून घरामागच्या लाकडी डेकवर गेले. राग तसाच होता. आता तो कुणावर काढावा, हेच त्यांना कळेना.