पिठाचे हात

रेश्माकडं येणारी माणसं सगळी एकाच दुखण्याची. दुकानात दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, आणि मोबाइल समोर धरला की चादरवाल्या महादेवप्पांच्यासुद्धा घशाला कोरड पडायची. अशांचे व्हिडिओ करून देणं हाच तिचा धंदा. कडेवर दीड वर्षाची चिमी, खांद्याला स्टँडची पिशवी.

तिची एक युक्ती होती. "अजून बंदच हाय, बोला निवांत," म्हणायचं आणि हळूच चालू करून ठेवायचं. मग माणूस माणसासारखं बोलायचं. नंतर दाखवलं की लाजायचं, हसायचं, टाक म्हणायचं. कधी कुणी रागावलं नव्हतं.

भवानी पेठेत कडक भाकरी करणाऱ्या बजाबाईंकडं तिला बोलावलं ते त्यांच्या लेकीनं, अंकितानं. करमाळ्याची सोयरीक ठरलेली, लग्न महिन्यावर. "मी गेल्यावर आईच्या भाकरीचं कोण सांगणार लोकांना? ही तर चार माणसांत बोलत न्हाय."

"नगं गं बाई," बजाबाई म्हणाल्या. "भाकरीचं काढ, तव्याचं काढ. मी काय नटी हाय व्हय?"

"तोंड नाही काढत मावशी. हातच काढते."

"हात तर अजिबात नगं!"

रेश्मा हसली. सगळेच असं काहीतरी म्हणतात. तिनं शेंगाचटणीच्या बरणीला मोबाइल टेकवला. "बंद हाय, मावशी. करा तुमचं काम."

चुलीची धग वाढली तशा बजाबाईंनी पोलक्याच्या मनगटापर्यंतच्या बाह्या वर सारल्या. चिमी दुडुदुडु काथवटीपाशी गेली. बजाबाईंनी तिच्यासाठी एवढीशी चानकी थापली. "ही घे, तुजी. आईला द्यायची न्हाय हां, तिला फोन खाऊ दे!" आणि त्या अशा खळखळून हसल्या की दारातली अंकिता बघतच राहिली. कोपरापर्यंत हात पांढरेफेक.

मग "आता चालू करते" म्हटल्यावर बजाबाईंनी बाह्या खाली ओढल्या, बटणं लावली आणि लाकडासारख्या बसून चार वाक्यं म्हटली.

घरी आल्यावर चिमी तापली. एरवी रेश्मा दाखवून, विचारून टाकायची. त्या दुपारी लेकरू मांडीवर निजलं, तेवढ्या वेळात तिनं एका हातानं व्हिडिओतला चानकीचा तुकडा कापला, वर लिहिलं, 'कोपरापर्यंत पिठात बुडालेली माया', आणि टाकून दिला.

दोन दिवसांत साऱ्या सोलापुरानं तो पाहिला. लोकांनी बदामांचा पाऊस पाडला. त्यात एकानं लिहिलं, 'पीठ कुठलं? कोड हाय ते.'

रेश्मानं चित्र बोटांनी मोठं केलं. काथवटीत हात जायच्या आधीही कोपर पांढरंच होतं.

तिनं व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो गावोगाव फिरत होता. संध्याकाळी अंकिताचा फोन आला. करमाळ्याहून नवऱ्या मुलाचे चुलते हिंदुराव बोलले होते. पसंतीच्या वेळी लपवलंत, म्हणाले. आईला हाय ते उद्या लेकीला हुईल, म्हणाले. अंकिता रडत नव्हती. "बाह्या शिवताना शिंप्यालासुद्धा हात दाखवायची न्हाय आई, कापड धरून माप द्यायची. एवढं जपलं होतं, ताई."

सकाळी चिमीला कडेवर घेऊन रेश्मा भवानी पेठेत गेली. बजाबाई भाकरी थापत होत्या. चूल धडधडत होती, पोलक्याची बटणं मनगटाशी लावलेली, बाह्या घामानं चिकटलेल्या.

"मावशी, चुकलं माझं. मला ते पीठच वाटलं. ते रोग नसतंय, लागत नसतंय, मी त्यांना जाऊन सांगते..."

चिमीनं हात पुढं केला तेव्हा बजाबाईंनी कडक भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. मग त्यांची नजर रेश्माच्या हातातल्या मोबाइलवर गेली, आणि पिठाच्या हातानंच त्यांनी बाही अजून खाली ओढली.

"चालू हाय का गं ते?"

"बंद हाय, मावशी," रेश्मा म्हणाली.

बजाबाईंनी मान हलवली आणि तिच्याकडं पाठ करून बसल्या.