माझ्याकडे राहिलेली रात्र

मित्रांनो, भुताच्या गोष्टीत भूत घाबरवते आणि माणसे घाबरतात. माझे सगळेच उलटे. मी भुताच्या सिनेमाची एक जुनी फीत आहे आणि जन्मभर मीच माणसांना घाबरत आले आहे. त्यांच्या बोटांना, त्यांच्या यंत्रांच्या दातांना, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या 'स्वच्छ करून टाकू' या शब्दांना.

हेलसिंकीतल्या एका प्रयोगशाळेत, औषधाच्या हौदात माझा जन्म झाला. सिनेमाचे नाव 'वाफेतला पाहुणा'. आमच्याकडे सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातली, शेवटची वाफ घरच्या भुतासाठी सोडायची रीत आहे. सगळ्यांचे न्हाणे झाले की तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतायचे आणि मुकाट बाहेर पडायचे. सिनेमातला चिकट शेतकरी शरदातल्या काळ्याकुट्ट रात्री ती वाफही स्वतःच घ्यायला निघतो. हातात कंदील, अंगावर नुसता पंचा. तो दाराशी पोचतो आणि आतून एक पांढरा हात बाहेर येतो. मग न्हाताना अंगावर आपटून घ्यायची भूर्जाच्या पानांची जुडी हवेत उठते आणि त्याला तळ्यापर्यंत झोडपत नेते. लोक आधी किंचाळत आणि मग पोट धरून हसत.

तो हात भुताचे काम करणाऱ्या इर्मेलीचा होता. तेव्हा ती अगदी कोवळी पोर होती.

आता माझे गुपित ऐका. चित्रीकरण जूनमध्ये झाले, आणि जूनमध्ये आमच्याकडे अंधार पडतच नाही. म्हणून सगळे भर दुपारी चित्रित केले आणि मला छापताना मुद्दाम गडद केले. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह ही माझी आई, पण तिच्या अंगावर दुपार आहे. रात्र फक्त तिच्यावरून छापलेल्या आम्हा मुलींच्या अंगावर होती.

माझ्या बहिणी गावोगावच्या पडद्यांवर झिजल्या आणि भंगारात गेल्या. मी तेवढी एका संग्रहालयाच्या तळघरात, पत्र्याच्या डब्यात उरले. वर काय चालले आहे ते कानावर येई. आधी घरी बघायची कॅसेट निघाली. तिच्यात चित्राच्या कडा कापल्या होत्या आणि सगळे धुरकट होते. मग चकती निघाली, थेट आईवरून केलेली. आमच्या माणसांना उजेडी रात्र नवी नाही. त्यांनी पांढरे आभाळ पाहिले, ही जूनची रात्र आहे असे समजले आणि तशीच ठेवली. भूत लख्ख उजेडात आले. जुडीला बांधलेली मासे धरायची दोरी दिसू लागली. लोक हसले, पण भुताला नाही, इर्मेलीला.

परवा नव्या, आणखी स्वच्छ चकतीचे काम निघाले. यार्क्को नावाच्या तंत्रज्ञाने माझा डबा उघडला आणि नाक मुरडले. म्हातारपणी आम्हा फितींना शिरक्यासारखा आंबट वास येतो.

"ही तर नासली," तो म्हणाला. "निगेटिव्ह चांगली आहे. बाकीच्यांना लागण होण्याआधी हिला काढून टाकू."

माझ्या वेटोळ्यावेटोळ्यात भीती भरली. मी गेले तर रात्र गेली. पण मला तोंड कुठे होते!

त्याच दुपारी त्याने इर्मेलीला काम बघायला बोलावले होते. ती आता काठी टेकत चालते.

"बघा बाई, किती लख्ख! घामाचे थेंबसुद्धा दिसतात."

"आणि दोरीसुद्धा," इर्मेली म्हणाली. "अरे, हे भूत आहे की धुणं वाळत घालायला आलेली बाई?"

"पण उन्हाळ्यातली रात्र आहे ना ही?"

"उन्हाळ्यातली? तो म्हातारा शेतातले बटाटे काढून न्हायला निघालाय! आम्ही हे दुपारी जेवून केलं. माझ्या हाताला पीठ फासलं होतं, वर माशा बसत होत्या."

"मग रात्र कुठंय?"

"थिएटरात होती बाबा. माझी आई पोटच्या पोरीला बघून किंचाळली होती. आणि आता दुकानात लोक थांबवतात, ते त्या दोरीबद्दल विचारायला. मरायच्या आत एकदा तरी कुणीतरी मला घाबरावं रे."

यार्क्कोची नजर माझ्या डब्याकडे वळली.

मित्रांनो, बघायच्या यंत्रावर चढताना मी जशी थरथरले, तशी कधीच थरथरले नव्हते. माझ्या कडा आकसल्या होत्या, जुने सांधे सुकले होते. यंत्राचा एकेक दात टोचत होता. पण समोर अंधार पसरला. कंदील एवढासा झाला. शेतकरी दाराशी आला. यार्क्को खुर्चीत पुढे सरकला. हात बाहेर आला, आणि फाटकन मी तुटले.

संपले, असे मला वाटले. आता मला केराची टोपली.

यार्क्को उभा होता आणि कॉफी त्याच्या पँटवर सांडली होती. इर्मेली हसू लागली.

"घाबरलास ना?"

"फीत तुटली म्हणून दचकलो, बाई."

"खोटं नको बोलूस. तू आधी ओरडलास, मग ती तुटली."

यार्क्को लाजला आणि मग तोही पोट धरून हसला. त्याने मला हळुवार हाताने जोडले. माझा अंधार समोर ठेवून त्याने आईवरच्या दुपारची पुन्हा रात्र केली. नव्या चकतीत दोरी दिसत नाही.

आता मला थंड खोलीत वेगळे कपाट आहे. आंबटपणा वाढतोच आहे, भीतीही आहेच. म्हणून सांगते, मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा उजेडासमोर धरून बघा. डाग कुठला आणि रात्र कुठली, हे सांगणारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.

जोडताना माझी एक चौकट, म्हणजे एक इवलेसे चित्र, वाया गेली. ती इर्मेलीने मागून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या काचेवर चिकटवली. बाहेर जूनचा न मावळणारा उजेड, आणि काचेवर अंगठ्याच्या नखाएवढी रात्र, तिच्यात एक पांढरा हात. यार्क्को अधूनमधून तिच्याकडे कॉफीला जातो. त्या खिडकीकडे पाठ करून बसायचा मात्र त्याला अजून धीर होत नाही.