ओदीलबाईंचा काढा

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना फवारणी पंप आहे. ल्वार नदीकाठच्या एका तांबटाने मला घडवलं आणि पुढची एकतीस वर्षं मी ओदीलबाईंच्या पाठीवर काढली.

बाई विधवा. द्राक्षबाग एकटीने सांभाळायच्या. तिथे ओढ्याकाठी घोड्याच्या शेपटीसारखं एक गवत उगवतं. ते उकळून त्या काढा करायच्या आणि केवडा रोग दिसायच्या आधीच वेलींवर फवारायच्या. शेजारचा फिर्मँ कुंपणावरून विचारायचा, "काय बाई, आज वेलींना सूप का?"

"हो. तुला नाही वाढणार," बाई म्हणायच्या.

एका वर्षी मे महिनाभर पाऊस थांबलाच नाही. फिर्मँची विकतची औषधं धुऊन गेली आणि खालच्या रांगांवर केवड्याचे पिवळे डाग पडले. तो टोपी हातात घेऊन दारात आला.

"ओदीलबाई, वरच्या रांगा अजून धरून आहेत. तेवढ्या वाचवा."

काढा एकाच बागेपुरता होता. बाईंनी मला पाठीवर घेतलं आणि त्याच्या रांगा फवारल्या. नवं गवत आणून उकळेपर्यंत चार दिवस गेले, तोवर आमच्या बागेत रोग शिरला. त्या वर्षी त्याच्या वरच्या रांगा लगडल्या. आमच्या निम्म्या जळाल्या. काढ्याची कृती त्याने विचारली, बाईंनी सांगितली. मलाही त्याने दोन दिवसांसाठी मागून नेलं. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

पुढे त्या गवताची पाकिटं बाजारात आली. त्यांवर फिर्मँचा फोटो आणि खाली अक्षरं: 'आमच्या आजोबांचा काढा'. मी त्याच्या दुकानात 'आजोबांचा पंप' म्हणून टांगलेला आहे. रोज घासतात. पाणी मात्र पुन्हा कधी पोटात गेलं नाही.

एकदा बाई काठी टेकत आल्या. त्यांनी माझ्या पट्ट्याला हात लावला.

"बाई, वस्तूंना हात लावू नका," फिर्मँ गिऱ्हाइकांसमोर म्हणाला.

बाईंनी पाकीट उचलून वाचलं. "दोनदा गाळायला सांगितलं नाहीस, फिर्मँ. लोकांच्या पंपांची तोंडं बुजतील." एवढं बोलून त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्या पाकिटांवर ती ओळही छापून आली.

मित्रांनो, मला चकचकीत ठेवू नका, हिरवा पडलो तरी चालेल. पण कुणाकडून काही शिकलात, तर त्या माणसाचं नाव तेवढं जपा.